गिरणीच्या मॉडेलची नोंद 7 : करवतीचं छप्पर आणि नाशिकचं ऊन

मंडळी, छप्पर एकदाचं चढलं. दोनदा उतरवून, पण चढलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : मी 1:76 मध्ये (खऱ्याच्या 76 पट लहान) करतोय ती इंग्लंडमधल्या बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल. 1894 ची विणकाम गिरणी, 500 अश्वशक्तीच्या एकाच वाफेच्या इंजिनावर चालणारी. पूर्ण गिरणी माझ्या हॉलमध्ये मावणार नाही (आणि घरातून परवानगीही नाही), म्हणून इंजिनघर, धुराडं आणि साचेखात्याचा, म्हणजे यंत्रमागांच्या खात्याचा, छपराच्या नऊ दात्यांचा तुकडा एवढंच.

सूतकताईच्या गिरण्या चार-पाच मजली असायच्या, विणकामाचं खातं मात्र बैठं. शेकडो साचे एकदम धडधडायला लागले की वरचे मजले हादरतात, म्हणून सगळं जमिनीवर. मग एवढ्या पसरलेल्या खात्याच्या मध्यावर उजेड कसा पोचवायचा? त्यासाठी हे करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. उत्तरेकडची उभट बाजू काचेची, दक्षिणेकडची उतरती बाजू पाटीच्या दगडाची.

मी काचेसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) वापरली, जमिनीशी 60 अंशांत. पहिली खेप झटपट चिकटणाऱ्या गोंदाने वाया गेली. त्याच्या वाफेने शीटवर पांढरं धुकं धरलं. दुसऱ्यांदा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकाने.

मग मे महिन्यात, भर दुपारी बारा-साडेबाराला, मॉडेल गच्चीवर नेलं. होकायंत्र लावून काचा बरोबर उत्तरेला केल्या आणि वाकून आत पाहिलं, तर फरशीवर उन्हाचे नऊ लख्ख पट्टे! मला वाटलं, छप्पर उलटं चिकटवलं. तिथंच तिसरा दाता उचकटलासुद्धा. घाई नडली.

सासरे खुर्चीत बसून बघत होते. त्यांची उमेदीची वर्षं गेली परळच्या साचेखात्यात, 1982 च्या संपापर्यंत. म्हणाले, "जावईबापू, असं ऊन साच्यावर पडलं तर तुटलेला धागा दिसायचा कसा? डोळे दिपतात नुसते."

रात्री कागदावर कोन मांडले तेव्हा डोक्यात उजेड पडला. बर्नली जवळजवळ 54 अक्षांशावर. तिथं ऐन जूनमध्येही दुपारचा सूर्य साठ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे साठ अंशांच्या उत्तरमुखी काचेला दुपारचं ऊन वर्षभर शिवतच नाही. आपलं नाशिक 20 वर. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर, आणि 21 मेच्या आसपासपासून 23 जुलैच्या आसपासपर्यंत तर दुपारी चक्क उत्तरेला कललेला. छप्पर बरोबर होतं, गच्ची चुकीची होती! आपल्याकडे असं छप्पर बांधणाऱ्याने काच अगदी उभी ठेवून वर ऊन अडवणारी झापच काढायला हवी.

आता खोली अंधारी करून टेबललॅम्प दक्षिणेकडून, मोबाइलवर मोजून 50 अंशांवर लावतो. आत मऊ, बिनसावलीचा उजेड पसरतो. तासभर नुसता बघत बसलो होतो.

खांबांबद्दल एक. अशा खात्यांतले बिडाचे खांब बरेचदा पोकळ असायचे. दोन दात्यांमधल्या पन्हळीचं पाणी त्यांच्या पोटातून खाली जायचं, आणि साच्यांना पट्ट्यांनी फिरवणारे लांब दांडेही त्याच खांबांच्या आधाराने लटकायचे. मी कानकाड्यांच्या पोकळ नळ्या लावल्यात. मापाने जरा जाड आहेत, पण सिरिंजने पन्हळीत पाणी सोडलं तर नऊपैकी सात पन्हळी नीट रिकाम्या झाल्या. उरलेल्या दोन फेव्हिकॉलने तुंबल्यात. सुई तापवून मोकळ्या करीन.

धुराड्याच्या विटा कोरणं अर्धं राहिलंय, त्याबद्दल बोलायला नको.

काल सासऱ्यांनी लॅम्पखाली मान घालून बराच वेळ आत पाहिलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "खातं मोकळं दिसतंय," एवढंच म्हणाले. "साचे कधी लावताय?"

चोवीस करायचेत. पहिल्याला तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्याचा आडवा धागा नेणारा धोटा अजून व्हायचाय.