नाहूरला गाडी थांबणार नाही

पत्रकारितेच्या शेवटच्या सेमिस्टरला असलेल्या मुलीला मुंबईत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "कुठल्या चॅनेलवर दिसणार?" आणि "उद्या मेगाब्लॉक आहे का गं?" पहिल्याला मी हसून वेळ मारून नेते. दुसऱ्याचं, म्हणजे रुळांच्या कामासाठी रविवारी लोकलचा कुठला मार्ग काही तास बंद राहणार याचं, उत्तर मात्र तयार असतं: कुठून कुठे, किती ते किती, धिमा की जलद. माझ्या शिक्षणाचा आमच्या बिल्डिंगला झालेला फायदा म्हणाल तर एवढाच. आत्या अजूनही त्याला 'तो टीव्हीचा कोर्स' म्हणते. माध्यमांच्या या पदवीचं नाव आधीच्या मुलांच्या वेळी बीएमएम होतं, आमच्या वेळी बीएएमएमसी झालं. नाव लांबलं, आत्याची समजूत काढणं होतं तिथेच राहिलं.

तिसऱ्या वर्षाला जाहिरात की पत्रकारिता ते निवडावं लागतं. वर्गातली बरीचशी जनता जाहिरातीकडे गेली आणि आता त्यांच्या नोकऱ्यांचे पेढेही वाटून झाले. उरलो आम्ही मूठभर. त्यातही प्रत्येकाचं काहीतरी मोठं ठरलेलं. एकाला युद्धभूमीवर जायचंय, एकीला मंत्रालयाची बीट हवीय, एकाचा पॉडकास्ट सुरू होऊन बंदही पडलाय. मला विचारलं की मी सांगते, डेस्कवर बसून मेगाब्लॉकची बातमी नीट लिहायचीय. सगळ्यांना ती थट्टा वाटते.

थट्टा नाही. पेपरातली ही एक बातमी अशी, जी माणसं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. अग्रलेख अर्ध्यात सोडला तर कोणाचं काही बिघडत नाही. ही अर्ध्यात सोडली तर रविवारी साखरपुड्याला निघालेलं अख्खं कुटुंब पैठण्यांसकट फलाटावर ताटकळतं. तिला बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, नसते. फोटो म्हणजे कधीकाळी काढलेली तीच ती लोकल, पावसाळा असो की मे महिना. आणि ऑफिसात ती पडते सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात.

तिचा कच्चा माल म्हणजे रेल्वेची प्रेस नोट. त्यातली नेहमीची एक अशी: अभियांत्रिकी आणि देखभालीच्या कामांसाठी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड अप आणि डाउन धिम्या मार्गांवर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ ब्लॉक 'परिचालित' करण्यात येईल. (हे क्रियापद मी रेल्वेखेरीज कुठेही पाहिलेलं नाही.) या काळात धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या जातील, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड येथे थांबतील आणि १५ मिनिटं उशिरा पोहोचतील. गैरसोयीबद्दल दिलगिरी. सगळं खरं, एका अक्षराची खोट नाही. फक्त आम्ही राहतो नाहूरला.

नाहूर त्या यादीत नाही. कांजूरमार्ग नाही, विद्याविहारही नाही. या तिन्ही ठिकाणी जलद मार्गाला फलाटच नाहीत, त्यामुळे ब्लॉक असेपर्यंत आमच्यासमोरून गाड्या धडधडत जातात आणि आम्ही भांडुपला किंवा मुलुंडला जायला रिक्षा शोधतो. पण प्रेस नोट तसं म्हणत नाही. गाडी कुठे थांबेल तेवढं ती सांगते. कुठे थांबणार नाही, ते ज्याचं त्याने वजाबाकी करून काढायचं. ही वजाबाकी वाचकासाठी आधीच करून ठेवणारा आणि 'विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर येथे गाड्या थांबणार नाहीत' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालणारा उपसंपादक एखाद्या पेपरात असतो, एखाद्यात नसतो. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी असं एक वाक्य बोट ठेवून दाखवलं होतं. "बघ, याने डोकं वापरलंय." बाबा बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या बससेवेत. वेळापत्रक नीट सांगणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जो आदर आहे तो संपादकांबद्दल नाही.

कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न तीन वर्षं आमच्याकडून घोटून घेतले. बातमी कोणासाठी, हे कुणी विचारलं नाही. ते मला इंटर्नशिपमध्ये कळलं. एका मराठी दैनिकात होते. नाव सांगत नाही, सर्टिफिकेट अजून हातात पडायचंय. मानधन नव्हतंच, लोकलचा पास घरच्या पैशांनी. काम म्हणजे प्रेस नोटा मारणं. पाणीकपात, रक्तदान शिबिर, अमुक संस्थेचा वर्धापन दिन. मी युनिकोडमध्ये टाइप करायचे आणि पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना फॉन्ट, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागे. त्यात 'ऱ्या' हमखास तुटायचा. 'दुसऱ्या'चं काहीतरी भलतंच व्हायचं आणि 'पान सोडायचंय, पान सोडायचंय' (म्हणजे छपाईला पाठवायचंय) असा ओरडा चालू असताना मी एकेक 'ऱ्या' शोधत बसायचे. तीन वर्षं माध्यमांची सैद्धांतिक चौकट शिकलेल्या मुलीचा पत्रकारितेतला पहिला शत्रू हा असा अर्धा 'र' निघाला.

पण त्याच डेस्कवर एक मॅडम होत्या. माझी मेगाब्लॉकची कॉपी त्यांनी वाचली आणि एवढंच विचारलं, "हार्बरवाल्यांचं काय?" हार्बर म्हणजे वाशीकडे जाणारा लोकलचा वेगळा मार्ग. ब्लॉकच्या काळात हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर, त्याच पासावर मुख्य मार्गाने आणि पश्चिम रेल्वेने जाण्याची मुभा बहुतेक वेळा असते. ते प्रेस नोटच्या तळाशी असतं, आणि जागा कमी पडली की तळच कापला जातो. मॅडमनी दिलगिरीचं वाक्य उडवलं, 'परिचालित' उडवलं, रेल्वेच्या पायाभूत सुविधांचं माहात्म्य उडवलं आणि मुभेचं वाक्य वर आणलं. "दिलगिरी घेऊन कोणी वाशीला पोहोचत नाही," म्हणाल्या. बातमी लहान झाली आणि तिच्यात माणसं जास्त मावली. माझ्या मते माझं शिक्षण त्या दुपारी झालं. त्याचे क्रेडिट मात्र विद्यापीठ देत नाही.

नंतर मला त्याच ऑफिसच्या डिजिटल विभागात पाठवलं. तिथे मेगाब्लॉक होताच, पण मथळा असा: 'रविवारी घराबाहेर पडताय? आधी ही बातमी वाचा!' वेळ कुठे लिहायची? सगळ्यात शेवटी. आधी मेगाब्लॉक म्हणजे काय, मग तो का घेतात, मग मुंबईकरांची जीवनवाहिनी, मध्ये दोन जाहिराती, आणि ११.०५ पाचव्या परिच्छेदात. महत्त्वाचं आधी, बाकीचं नंतर, असा उलटा पिरॅमिड परीक्षेत आकृतीसकट काढून मी मार्क मिळवलेले. इथे तो सुलटा करून ठेवला होता. "वाचक पानावर थांबला पाहिजे," असं सांगण्यात आलं. अहो, त्याला गाडी पकडायचीय! पण ते मी मनातच म्हटलं. सर्टिफिकेटचं वर सांगितलंच आहे.

६ जानेवारीला, पत्रकार दिनी, कॉलेजात पाहुणे येतात. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. पाहुणे सांगतात की पत्रकारितेचं पार वाटोळं झालंय आणि ती तुम्हीच सावरायचीय. कसं, ते सांगायच्या आत चहा येतो. त्यापेक्षा सरांनी आम्हाला फोर्टात फिरवून आणलं ते बरं झालं. हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर उभं करून सरांनी हॉर्निमनची गोष्ट सांगितली. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा हा संपादक स्वतः इंग्रज, तरी लिखाण इतकं झोंबणारं की १९१९ मध्ये इंग्रज सरकारनेच त्याला हद्दपार केलं. आमचा युद्धभूमीवाला मित्र भारावून फोटो काढत होता. माझं लक्ष 'मुंबई समाचार'च्या लाल इमारतीकडे. १८२२ पासून निघणारं हे गुजराती पत्र. सुरुवातीच्या काळात त्यात काय असे? जहाजांची ये-जा, मालाचे भाव. कुठली बोट आली, कुठली जाणार. म्हणजे वेळापत्रकाची बातमी ही पत्रकारितेची धाकटी बहीण नव्हेच, थोरली! हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "व्हायव्हाला बोल हे." व्हायव्हाला कुणी विचारलंच नाही.

या सेमिस्टरला पेपरचं पान लावायचा प्रकल्प आहे. सगळ्यांच्या पहिल्या पानावर निवडणूक आणि युद्ध. मी लीडखाली, म्हणजे मुख्य बातमीखाली, मेगाब्लॉक घेतला, चौकटीत: थांबणार कुठे, थांबणार नाही कुठे, पास कुठल्या मार्गावर चालेल. सर म्हणाले, "ही फिलर आहे, आत टाक." मी म्हटलं, "सर, तुम्ही राहता कुठे?" "विद्याविहार." मग त्यांनी चौकट एकदा नीट वाचली आणि फॉन्ट थोडा मोठा कर म्हणाले. जागेबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

आता निवडीचं. माझ्यासमोर सध्या तीन रस्ते आहेत आणि घरात पाच मतं. काकांच्या मते एमपीएससी द्यावी, माहिती खात्यात लागावं. पत्रकारिताही होईल आणि पेन्शनवाल्यांसारखी झोपही लागेल. आईचं म्हणणं, आधी एमए कर, कलिनाला विद्यापीठात जा, पुढचं पुढे. आणि वर्गातल्या मैत्रिणीच्या ओळखीने एका पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या, एजन्सीत कंटेंटची नोकरी जवळजवळ पक्की झालीय. लोअर परळला एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी, पगार ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला. मुलाखत घेणारी ताई फार चांगली होती. तिने एका बिल्डरचा कागद दिला आणि त्यावरून प्रेस नोट लिहायला सांगितली. प्रकल्प स्टेशनपासून किती मिनिटांवर, ते त्यात ठळक होतं. पाणी किती तास येतं, ते नव्हतं. मी विचारलं तर ती हसली. "ते क्लायंटने दिलेलं नाही ना." तिचं काही चुकलं नाही, तिचं कामच ते. गाडी थांबेल त्या स्थानकांची यादी तिने सुंदर करायची. नाहूरची आठवण ठेवणारा दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलेला असतो, या भरवशावर तो सगळा धंदा चालतो. आणि त्या दुसऱ्या टोकाच्या खुर्च्या दरवर्षी कमी होतायत, हे ज्याने त्याने मला या ना त्या शब्दांत ऐकवलंय. ते मला दिसत नाही असं नाही.

तरी मी त्या मॅडमना मेसेज टाकला. त्यांच्याकडे प्रशिक्षणार्थी उपसंपादकाची एक जागा आहे. पगार पीआरच्या निम्म्याच्या आसपास, साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, पाळी दुपारी चार ते पान सुटेपर्यंत. आईने मंगळवार ऐकून कपाळाला हात लावला. मंगळवारी कोणाचं लग्न असतं? बाबांना पगारापेक्षा 'पान सुटेपर्यंत' म्हणजे नेमकं किती वाजता हे हवं होतं. शहर आवृत्तीचं पान मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतं, असं सांगितल्यावर त्यांनी मोबाइलवर शेवटच्या गाड्या काढल्या, कुठली धिमी, कुठली कुठे थांबते ते बघितलं, आणि म्हणाले, "ऑफिस ड्रॉप देतं का ते विचार. लेखी."

विचारलंय. एचआरचं उत्तर आलं: ड्रॉप आहे, पण मुलुंड चेकनाक्यापर्यंतच्या गाडीत जागा असेल तर. बाबा म्हणाले, चेकनाक्याला जाणारी गाडी एलबीएस रोडनेच जाणार, तू अलीकडेच उतर, मी स्कूटर घेऊन येतो. आई अजून मंगळवारावर अडलेली आहे. पीआरवाल्या ताईला मी काल दुपारी 'नको' कळवून टाकलं. तिने शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, "या रविवारी हार्बरला ब्लॉक आहे का गं?"