दगड तसाच उलटा

सिंहगडाच्या पायवाटेवरच्या ओहोळात कुणीतरी फोटोसाठी दगड उलटला. खाली खेकडी. फोटो झाला, दगड तसाच उलटा राहिला. "जाईल की दुसरीकडे, खेकडाच तो!"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. कारण दुसरीकडे जाणं हेच तिला जमत नाही.

समुद्री खेकड्यांची सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातात. गोड्या पाण्यातल्यांत तो टप्पाच नाही. अंड्यातून थेट इवलासा खेकडा निघतो आणि आईच्या पोटाखालच्या पाळीत (पोटाखाली दुमडलेल्या झडपेत) काही दिवस चिकटून राहतो. म्हणून जाती एकेका डोंगराला, सड्याला (कातळाच्या पठाराला) बांधलेल्या. सह्याद्रीतल्या खेकड्यांचा 'घाटियाना' हा वंश शास्त्रज्ञांनी नोंदवला तोच मुळी 2014 साली!

दगडाखालचा ओलावा गेला की कल्ले सुकतात. तेव्हा दगड उचललाच, तर खेकडा आधी बाजूला होऊ द्या, मग ओली बाजू खाली करून त्याच खाचेत हळू ठेवा. वरून आपटलात तर चिरडेल. पोटाची पाळी रुंद म्हणजे मादी (नराची निमुळती), आणि पावसाळ्यात तिच्या पाळीत पिल्लं असू शकतात.

रश्श्यासाठी पिशवी भरणारे पाळी बघतात का कधी?