युंगचे दगड: क्यूस्नाख्त ते बोलिंगेन

झुरिकहून स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या घरी निघालेल्यांची पहिली चूक तिकिटातच होते. क्यूस्नाख्त नावाची गावे दोन. एक झुरिक सरोवराकाठी, दुसरे लुसर्न सरोवराकाठी, रिगी डोंगराच्या पायथ्याशी. स्पेलिंगमध्ये फरक एका ‘एस’चा. यंत्रावर नावापुढे ‘झेडएच’ (म्हणजे झुरिक) आहे ना, ते पाहूनच तिकीट घ्यावे. लोकल पाव तासात पोचवते. पुढे सरोवराच्या कडेच्या रस्त्याने एर्लेनबाखच्या दिशेने चालत राहिले की सेस्ट्रासे 228, हेच युंगचे घर. आत जायची वेळ आधीच नोंदवून ठेवा.

दारावर लॅटिन ओळ कोरली आहे: बोलवा की न बोलवा, देव हजर असणारच. युंग 1909 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 6 जून 1961 पर्यंत, इथेच राहिले. लाल चामड्याच्या बांधणीतले, स्वतःच्या मनातली दृश्ये लिहून-रंगवून ठेवलेले त्यांचे प्रसिद्ध ‘रेड बुक’ मुळात पाहायला मिळेल, ही आशा मात्र नको. वारसांनी ती प्रत बँकेच्या तिजोरीत ठेवली.

मला या जागेत सर्वांत मोलाचा वाटतो तो घरामागचा काठ. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी युंगचा मतभेद लिबिडोवरून होता. फ्रॉइडच्या लेखी ती लैंगिक शक्ती. युंगच्या लेखी मनाची एकूण ऊर्जा, लैंगिकता हे तिचे एक रूप. जानेवारी 1913 मध्ये फ्रॉइडने वैयक्तिक संबंध संपवण्याचे पत्राने कळवले. एप्रिल 1914 मध्ये युंगनी आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचे अध्यक्षपद सोडले. त्या पडझडीच्या काळात ते जेवण झाले की रुग्ण येईपर्यंत या काठावर दगड गोळा करत आणि लहान मुलासारखे गाव रचत: घरे, किल्ला, चर्च. चर्चमधली वेदी काही केल्या जमेना. शेवटी पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, जेमतेम दीड इंच उंचीचा एक लाल दगड सापडला, तो त्यांनी घुमटाखाली ठेवला. त्यांची पुढची सगळी वाट मला या खेळातून निघालेली दिसते.

म्हणून यानंतर बोलिंगेन, जिथे युंगनी स्वतःसाठी दगडी बुरूज बांधला. रापर्सविलहून श्मेरिकोनकडे काठाने पायवाट जाते, तिच्यावर हे गाव लागते. युंगचा बुरूज खासगी आहे. फाटकाशी घुटमळू नये. झाडीमुळे वाटेवरून फारसे दिसत नाही, पाण्यातून बरे दिसते. बांधकाम एकदम झालेले नाही. 1923 मध्ये आई गेली, त्याच वर्षी गोल बुरूज उभा राहिला. 1927 मध्ये मधला भाग, 1931 मध्ये एकांताची खोली, 1935 मध्ये अंगण. पत्नी एमा 1955 मध्ये गेल्यावर त्यांनी मधल्या भागावर मजला चढवला. एकांताच्या खोलीची कल्पना त्यांनी भारतीय घरांवरून घेतली होती: पडद्याआडचा, ध्यानाला बसायचा कोपरा. ते स्वतः भारतात आले 1937 च्या अखेरीस, म्हणजे खोली झाल्यावर सहा वर्षांनी. इथे वीज नव्हती. लाकडे तेच फोडत, संध्याकाळी दिवे तेच लावत.

बागेच्या भिंतीसाठी खाणीतून तिकोनी चिरा मागवला होता. मापात चूक झाली आणि आला तो सुमारे 50 सेंटिमीटरचा चौरस ठोकळा. गवंडी चिडला, तो परत पाठवायला निघाला. युंगनी ठेवून घेतला. 1950 मध्ये, पंचाहत्तरीच्या सुमारास, त्याच्या तीन बाजूंवर त्यांनी स्वतः छिन्नीने अक्षरे कोरली.