पट्टा डावीकडे जातो

बटण दाबलं की पट्टा आधी मधोमध फिरतो, सज्जनासारखा. मग हळूच डावीकडे सरकायला लागतो.

हे लाकूड घासायचं सँडिंग मशीन पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातलं. रविवारची गर्दी, पितळी नळांचा ढीग आणि त्याला टेकलेलं हे धूड. "चालू आहे, साहेब," विकणारा म्हणाला. खोटं बोलला नाही. सरळ चालतं, असं तो म्हणालाच नव्हता.

4 इंच रुंद, 36 इंच घेराचा पट्टा आणि शेजारी 6 इंची तबकडी. तबकडीपुढच्या टेबलाचा काटा 90 वर, पण गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावला तर खालून उजेड दिसतो. आता काट्याचं ऐकायचं की गुण्याचं? मी गुण्याचंही सहजासहजी ऐकत नाही. फळीच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ मारायची, गुण्या पालथा करून तिथेच दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर तो खरा. घरचे म्हणतात, याचं लाकूडकाम म्हणजे नुसती मोजमापं. म्हणू देत. वस्तू काय, विकतही मिळतात.

पट्ट्याचं मात्र गुण्याने भागत नाही. बोहरी आळीतून 80 नंबरचा नवा आणला, आतला बाण बघून चढवला, पट्टा डावी-उजवीकडे सरकवायचा बाजूचा नॉब केसभर फिरवला. पट्टा ढिम्म. आणखी फिरवला, तर सगळं साठवून ठेवल्यासारखा एकदम उजवीकडे पळाला.

आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत असाच एक पट्टा होता, मोटारीपासून जात्यापर्यंत लांबलचक. जोडावर लोखंडी दात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला 'टप्' व्हायचं. गव्हाचा डबा नंबरात ठेवून मी ते टप् ऐकत उभा राहायचो. त्याची पुली मधे किंचित फुगीर होती. पट्टा त्या फुगवट्यावरून घसरून पडेल, अशी मला दर वेळी आशा असायची. तो कधी पडला नाही. पट्टा उतारावर गेला की जरासा वाकतो आणि त्याचा मागून येणारा भाग उंच बाजूकडे टेकत जातो. म्हणून घसरायच्या ऐवजी तो चढतो. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गिरणीवाल्याला कोणी सांगितलं नसावं, तरी पट्टा कुरकुरला की तो बरोबर चिमूटभर राळ टाकायचा.

म्हणून आज पट्टा काढून रोलरच बघितला. डाव्या अंगाला जुना भुसा आणि लाकडाचा चीक मिळून टणक थर बसलेला. म्हणजे तिथे आयताच फुगवटा, आणि पट्टा बिचारा नियमाने तिकडेच चढत होता. पटाशीच्या पाठीने खरवडला, नॉब मधे आणला. आता पट्टा जागेवर राहतो. जरासा डुलतो, पण तेवढं चालायचंच.

खरवडताना उडालेली धूळ उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. पिठाच्या धुळीने दमा होतो, हेही डॉक्टरांना ठाऊक आहे. आमच्या गिरणीवाल्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. तो खोकायचा फार. आम्ही पोरं रांगेत उभं राहून त्याच्या खोकल्याची नक्कल करायचो, आणि तोही हसायचा.