एका एचएमसीमागचे सगळे सर्व्हर: शोध-स्क्रिप्टची प्रगती

सर्व्हर, त्यांची स्थिती आणि नेटवर्क पत्ते शोधून यादी करणारी शोध-स्क्रिप्ट अखेर मार्गी लागली. आयबीएमच्या पॉवर-७ सर्व्हरांची जुनी धुडं बाळगणाऱ्यांसाठी ही नोंद; बाकीच्यांना यातलं निम्मं निरुपयोगी वाटेल, वाटू दे.

मांडणी पूर्वीचीच. बेळगावच्या शहापूरला माझ्याकडे पॉवर ७२० आणि ७४० चा छोटा ढीग, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून मोडीच्या भावात आलेला, सगळा एकाच एचएमसीखाली (हे सर्व्हर सांभाळणारं वेगळं नियंत्रण-यंत्र). निपाणीच्या दादांकडे असाच संच, त्यांचा एचएमसी वेगळा. मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खाजगी जोडणी.

समांतर शोध म्हटलं की सर्व्हरमागे एक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामाची एक धार), असं आपण धरूनच चालतो. पण इथे सर्व्हरशी आपलं बोलणं होतच नाही. बोलायचं एचएमसीशी; पुढे प्रत्येक यंत्रातल्या एफएसपीशी, म्हणजे यंत्र सांभाळणाऱ्या छोट्या वेगळ्या प्रोसेसरशी, तो बघून घेतो. थ्रेड कितीही सोडा, दार एकच. त्यात नाव, स्थिती, एलपार (एका यंत्राचे पाडलेले स्वतंत्र भाग) यांसाठी दरवेळी नवी एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनची) जोडणी उघडली की छोटा ढीगही दहाचा आकडा ओलांडतो. एसएसएच सांभाळणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामच्या मूळ सेटिंगनुसार लॉगिन न झालेल्या दहा जोडण्या लटकलेल्या असतील, तर नव्या येणाऱ्यांपैकी ३० टक्के तो चिठ्ठ्या टाकल्यागत तोडतो. पुढे प्रमाण वाढतच जातं. मग दर वेळी वेगळाच सर्व्हर यादीतून गायब, आणि माणूस केबली हलवत बसतो.

म्हणून आता थ्रेड सर्व्हरमागे नाही, एचएमसीमागे. शहापूरला एक, निपाणीला एक, दोन्ही एकदम सुटतात. आत मात्र यादीसाठी एकच जोडणी उघडी ठेवून सगळं रांगेत. एलएससिससीएफजी (lssyscfg) या एचएमसीच्या कमांडला एकदाच विचारलं की सगळ्या यंत्रांचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, स्थिती एका फटक्यात मिळतं. यंत्र बंद असलं तरी चालतं, कारण वायर लावलेली असली की एफएसपी जागाच असतो.

ओळख सिरियल नंबरावरच ठेवा, मॉडेल जोडून. नाव कुणीही बदलतं, आयपी पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, मर्जीवर. शिवाय एफएसपीला एचएमसीसाठी दोन पोर्ट असतात. एकच यंत्र दोन एचएमसींना जोडलं तर ते दोन्ही याद्यांत येणार; ते एकच आहे हे सिरियलवरूनच कळतं.

खरा वेळ जातो मॅक पत्त्यांत, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या कायमच्या ओळख-क्रमांकांत. आभासी इथरनेटचे पत्ते एचएमसीकडे आधीच असतात, एलएसएचडब्ल्यूआरईएस (lshwres) कमांडने मागून घ्या, काही बूट करायला नको. खऱ्या कार्डांसाठी मात्र एलपार-नेटबूट (lpar_netboot) ही कमांड चालवावी लागते; ती एलपार ओपन फर्मवेअरपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच्या पायरीपर्यंत, उठवते आणि प्रत्येक खेपेला मिनिटं खाते. इथे समांतरपणा कामाला येतो. एका एलपारला एका वेळी एकच कन्सोल (थेट आदेश देण्याची खिडकी) मिळतो, त्यामुळे दोन थ्रेड एकाच एलपारवर जाऊ द्यायचे नाहीत. मी एचएमसीमागे दोनच एलपार एकदम घेतो. जास्त घेता येतील, पण पंख्यांचा आवाज शेजारच्या काकूंना ऐकू जातो.

मोडीतल्या यंत्रांची स्थिती ‘फेल्ड ऑथेंटिकेशन’ दिसली तर स्क्रिप्टला दोष देऊ नका. एफएसपीवर जुन्या मालकाचा पासवर्ड बसलेला असतो.

आणि लाईट गेली-आली की लगेच शोध चालवू नका. सगळे एफएसपी एकदम उठत असतात, अर्धी यादी ‘नो कनेक्शन’ दाखवते. स्क्रिप्ट आता ती स्थिती दिसली की थोडं थांबून तेवढीच यंत्रं पुन्हा विचारते. दादांच्या बाजूला हे अजून तपासायचंय.