ते बांडगूळ नाहीये हो

बाल्कनीतली गुझमानिया बघितली (ही ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली) की लोक हमखास विचारतात, "एवढी ब्रोमेलियाड जमवलीत, मग ती मेक्सिकोची लाल तुऱ्याची का नाही? मागवा की कुठूनतरी." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तिचं नाव टिलँड्सिया इम्पेरिआलिस. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ, ओआहाका या राज्यांकडच्या डोंगरात जिथे सतत ढग उतरलेले असतात तिथे झाडांच्या फांद्यांवर राहते, मातीशी संबंधच नाही, पानांची वाटी करायची आणि पावसाचं, धुक्याचं पाणी त्यात साठवायचं. तिकडच्या जंगलातल्या अशा वाट्यांमध्ये अळ्या, बेडूक, अगदी चिमुकले, पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडरसुद्धा असतात. परवा माझ्या गुझमानियाची वाटी ओतली तर चहाच्या रंगाचं पाणी, एक कुजकं पान आणि डासाच्या दोन अळ्या वळवळत होत्या, पुण्यात चौथ्या मजल्यावर ही गत तर तिकडे एकेका झाडावर काय गाव वसलेलं असेल!

आता तुरा. एका रोपाला तो आयुष्यात एकदाच येतो, तोही कित्येक वर्षांनी, आणि नेमका तोच ख्रिसमसला सजावटीसाठी हवा असतो. मग बी धरायच्या आतच रोप बाजारात, कापसासारखं बी वाऱ्यावर उडून दुसऱ्या फांदीला चिकटायचं ते राहूनच जातं. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही, दसऱ्याला आपण आपट्याचं काय करतो ते बघतेच की.

पण नुसता तुरा तोडल्याने ती धोक्यात आलेली नाही. ढगांचं जंगलच मेक्सिकोच्या जेमतेम १ टक्का जमिनीवर आहे, आणि देशातल्या साधारण १० टक्के वनस्पती तेवढ्यात आहेत. ते तोडून गुरांची कुरणं झाली, शेती झाली. जुन्या कॉफीच्या मळ्यात सावलीची मोठी झाडं ठेवतात तिथे ब्रोमेलियाड तग धरतात, पण तिथेही काही जण बांडगूळ समजून खरवडून काढतात. अहो, बांडगूळ झाडाचा रस पितं, ही फक्त बसायला जागा मागते! त्यात हवा तापली की ढग वर सरकतात, आणि डोंगरमाथ्यावरच्या रोपाने आणखी वर जायचं कुठे?

मेक्सिकोच्या सरकारी यादीत ती धोक्यातली जात आहे. वाऱ्याने खाली पडलेली रोपं, जी तशीही जमिनीवर कुजतात, तेवढीच गोळा करायची असा एक मार्ग तिकडचे अभ्यासक सुचवतात, मला तो फार पटतो. मी नर्सरीवाल्याला दरवेळी विचारते, बियांपासून केलंय की जंगलातून आणलंय, आणि तो गप्प बसला की पैसे पर्समध्येच ठेवते. माझ्या गुझमानियाला बाजूने पिल्लू फुटलंय, ते जरा मोठं झालं की तुम्हाला देते.