नकाशावर सही कोणाची चालते?

घर बांधायला निघालेल्या माणसाला एकजण सांगतो, "आर्किटेक्टशिवाय नकाशा पास होत नाही." दुसरा सांगतो, "आपला ड्राफ्ट्समन काढून देतो, सहीचं तो बघतो." पहिलं अर्धवट खरं आहे. दुसऱ्या बोलण्यात पुढच्या बहुतेक कटकटींचं मूळ आहे.

आधी केंद्रीय कायदा. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचं कलम ३७ म्हणतं की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायचं नाही. बंदी नावावर आहे, नकाशा काढण्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० च्या निकालात हे स्पष्ट केलं: नोंदणी नसलेला माणूस आर्किटेक्टच्या कामासारखं काम करू शकतो, पण ते नाव किंवा ते नाव असलेलं पद वापरू शकत नाही. नाव वापरलंच तर पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत. पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकडे १९७२ चेच आहेत. आज दुकानावरची पाटी रंगवायलाही याहून जास्त पैसे पडतात, त्यामुळे या कलमाचा धाक किती असेल ते वेगळं सांगायला नको.

मग मंजुरीसाठी सही कोणाची चालेल, हे ठरतं स्थानिक बांधकाम नियमांवरून. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून बहुतेक ठिकाणी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मुंबई महापालिकेचे नियम वेगळे आहेत (डीसीपीआर २०३४), एमआयडीसीचेही वेगळे. मुंबईत 'लायसन्स्ड सर्व्हेअर' हा जुना आणि वजनदार प्रकार आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याखाली त्याला परवाना मिळतो.

यूडीसीपीआरच्या परिशिष्ट सी मध्ये आर्किटेक्ट, अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर, नगररचनाकार आणि सुपरवायझर असे वर्ग आहेत, आणि प्रत्येकाची पात्रता व कामाची मर्यादा दिलेली आहे. म्हणजे सिव्हिल इंजिनिअरने नकाशा सादर करणं पूर्ण कायदेशीर आहे, फक्त त्याच्याकडे परवाना हवा. सुपरवायझरच्या सहीला मात्र आकाराची मर्यादा आहे. तीन मजल्यांच्या इमारतीवर सुपरवायझरची सही घेऊन गेलात तर फाइल तिथेच परत येते.

आर्किटेक्टची नोंदणी देशभर एकच असते. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. गुजरातने २००६ मध्ये स्वतःचा केला. आपल्याकडे अभियंत्याचा परवाना नियोजन प्राधिकरण, म्हणजे नकाशे मंजूर करणारी स्थानिक संस्था, देतं, आणि त्याला मुदत असते. म्हणून 'लायसन्स आहे' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या प्राधिकरणाचं, कुठल्या वर्गाचं, कधीपर्यंतचं, आणि आपल्या हद्दीत चालतं का, हे विचारा. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक आधी CA ही इंग्रजी अक्षरं, मग वर्ष, मग क्रमांक अशा धाटणीचा असतो. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासायला दोन मिनिटं लागतात आणि जवळपास कोणीच तपासत नाही.

आता सही विकत घेण्याबद्दल. नकाशा एकाने काढायचा आणि सही दुसऱ्याने ठोकायची, हा प्रकार गावोगाव चालतो. मंजुरी मिळेपर्यंत यात काहीच बिघडत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण ही सही चित्रापुरती नसते. अर्जासोबत देखरेखीची हमी जाते. जोत्यापर्यंत काम आलं की त्याच माणसाने प्राधिकरणाला कळवून जोता तपासणी करून घ्यायची असते. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला त्याचाच लागतो आणि त्यावर भोगवटा प्रमाणपत्र अवलंबून असतं. आता अर्ज ऑनलाइन जातो, म्हणजे लॉगिनही त्याचंच. साइट कधीच न पाहिलेला माणूस दोन वर्षांनी फोन उचलत नाही, किंवा बाल्कनी पुढे आलेली दिसली की दाखला द्यायला नकार देतो. नकार देणं बरोबरच आहे. चूक आधी झालेली असते. तांत्रिक व्यक्ती बदलायची झाली तर प्राधिकरणाला कळवावं लागतं आणि नवा माणूस जबाबदारी घेईपर्यंत काम थांबवावं लागतं. नवा आर्किटेक्ट आधीच्याला कळवल्याशिवाय काम हातात घेत नाही, कारण त्यांच्या व्यावसायिक आचारनियमांत ते बसत नाही. जुन्याचं मानधन थकलेलं असेल तर ही गाठ सुटायला वेळ लागतो.

दुसरी गल्लत स्ट्रक्चरची. मंजुरीच्या नकाशात खोल्या, सामासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), पार्किंग, चटईक्षेत्राचा तक्ता असतो. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी. त्यात सळया नसतात. कॉलमचे चौकोन दिसतात म्हणून मुकादम त्यावरूनच फुटिंग खणतो, आणि नंतर स्ट्रक्चरल ड्रॉइंग आलं की कॉलमची जागा किंवा माप जुळत नाही. भूकंपाच्या २०१६ च्या मानकात कोयना परिसर चौथ्या झोनमध्ये होता, पुणे तिसऱ्यात. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या मेव्हण्याच्या घराचं ड्रॉइंग उचलून चालत नाही. इंटिरिअर डिझायनरने बीम फोडून घ्यायला सांगितलं तरी तेच: लेखी होकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हवा.

लहान प्लॉटवाल्यांसाठी २०२० च्या नियमांनी सोय केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निर्णय. अनेकांनी याचा अर्थ 'नकाशाच नको' असा लावला. उलट आहे. ग्रामपंचायतीतही मालकीची कागदपत्रं, मोजणी नकाशा, बांधकामाचा नकाशा आणि तो नियमात बसतो असं आर्किटेक्टचं किंवा परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. कार्यालयात आधी कोणी छाननी करत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्याची चूक थेट भिंतीत उतरते. सामासिक अंतर कमी पडलं तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या, कलम ५३ ची नोटीस येते ती मालकाला. अशा अनधिकृत बांधकामाला त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २००० ते ५००० रुपये दंड आहे.

काम देताना करार एक-दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात या गोष्टी हव्यात: मंजुरीचे नकाशे आणि साइटवरचे वर्किंग ड्रॉइंग वेगळे मोजलेले, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण आणि त्याचे पैसे कोण देणार, साइटवर किती भेटी, जोता तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र कामात धरलंय की नाही. मानधनाचा शेवटचा हप्ता भोगवट्याशी बांधा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. नूतनीकरण धरून जास्तीत जास्त चार वर्षं. त्याची तारीख कोण सांभाळणार हेही त्यातच लिहा. आणि मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत, कॅडच्या फाइलसह, स्वतःकडे ठेवा.